यादीबाहेरचा पायथन

प्रश्न तुमचे, टर्मिनल आमचं

दर ऑक्टोबरात पायथनची नवी आवृत्ती येते आणि पुढचे काही महिने माझ्या टपालात एकच सूर लागतो. ३.१२ आली २०२३ मध्ये, ३.१३ आली २०२४ मध्ये, ३.१४ आली २०२५ मध्ये. पत्रं मात्र तीच. नवा पायथन मशीनवर आहे, पॅकेज म्हणतंय मला तो माहीत नाही, मग जबरदस्ती करू का? या अंकात अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. त्यांत जेंटू आणि डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशन वापरणाऱ्यांची जास्त आहेत, कारण जबरदस्तीची रीतसर सोय तिथंच आहे. आपल्या अंकाच्या शिरस्त्यानुसार आज्ञा, फायली आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमनमध्ये लिहायची, आणि व्हेरिएबल असेल तर सगळी अक्षरं कॅपिटल.

प्रश्न : मी जेंटू वापरतो. पायथन_टार्गेट्समध्ये ३.१२ च्या जोडीला ३.१३ टाकला. एक लायब्ररी अडून बसली, तिच्या इबिल्डमध्ये, म्हणजे बांधणीच्या कृतीच्या फायलीत, ३.१२ पर्यंतचीच नावं आहेत. कुणीतरी पायथन_कॉम्पॅट_ओव्हरराइड हे व्हेरिएबल सुचवलं. त्यात ३.१३ लिहून इमर्ज केलं, लायब्ररी बसली, पायथन ३.१३ उघडून इंपोर्ट करून पाहिली, तीही झाली. पण तिच्यावर अवलंबून असलेलं दुसरं पॅकेज ३.१३ साठी बांधायला पोर्टेज हा जेंटूचा पॅकेज मॅनेजर अजून तयार नाही. लायब्ररी डोळ्यांसमोर असताना हा काय हट्ट?

उत्तर : हट्ट नाही, पोर्टेजला तुम्ही काही सांगितलेलंच नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट तुमच्या पत्रात आलेली नाही, म्हणून आधी तीच विचारतो : पायथन ३.१२ उघडून ती लायब्ररी इंपोर्ट करून पाहिलीत का? पाहा. होणार नाही.

इबिल्डमधली पायथन_कॉम्पॅट ही यादी पॅकेज सांभाळणाऱ्यानं लिहिलेली असते. पायथन_टार्गेट्स ही यादी तुमची. एरवी दोन्हींत जी नावं असतील तेवढ्यांसाठी बांधणी होते. ओव्हरराइड लावलं की या दोन्ही याद्या बाजूला पडतात आणि त्यात लिहिलेल्या आवृत्त्यांसाठी, फक्त त्यांच्यासाठीच, पॅकेज बांधलं जातं. तुम्ही एकटा 'पायथन३_१३' लिहिलात. म्हणजे ३.१२ ची प्रत नव्या बांधणीत नव्हतीच, आणि पोर्टेजनं जुनं पॅकेज काढून नवं ठेवताना /यूएसआर/लिब/पायथन३.१२/साइट-पॅकेजेसमधल्या त्या लायब्ररीच्या फायली उचलून टाकल्या. ३.१२ वर तिच्या भरवशावर चालणारं सगळं आता लंगडं आहे. बांधणीच्या वेळी टर्मिनलवर इशारा येऊन गेला असणार : ओव्हरराइड लागू आहे, अमुक आवृत्त्यांसाठी बांधतोय, अवलंबित्वं पुरी केली जाणार नाहीत आणि पायथन_टार्गेट्सकडे दुर्लक्ष केलं जाईल. इतकं स्पष्ट लिहून येतं, पण शेकडो ओळी सरकत असताना ते वाचतं कोण.

आता तुमचा मूळ प्रश्न. जेंटूत कॉम्पॅटच्या यादीतूनच यूज-फ्लॅग, म्हणजे पॅकेजचे चालू-बंद पर्याय, तयार होतात, प्रत्येक आवृत्तीला एक. पॅकेजांमधली देवाणघेवाण या फ्लॅगांवर चालते, डिस्कवर काय आहे यावर नाही. दुसऱ्या पॅकेजची मागणी असते 'ही लायब्ररी हवी, आणि तिचा ३.१३ चा फ्लॅग चालू हवा'. त्या मागणीत फ्लॅगच्या नावापुढं कंसात एक उणे चिन्ह असतं. त्याचा अर्थ, हा फ्लॅग समोरच्या पॅकेजकडे मुळातच नसेल तर तो बंद आहे असं धरून चाल. तुमच्या लायब्ररीच्या इबिल्डमध्ये ३.१३ नाही, म्हणून तो फ्लॅग नाही, म्हणून तो बंद, म्हणून मागणी अपुरी. पोर्टेजचा हिशोब बिनचूक आहे.

ओव्हरराइडनं हा फ्लॅग का वाढत नाही, असं तुम्ही विचाराल. इबिल्डमधली माहिती, म्हणजे फ्लॅग, अवलंबित्वं वगैरे, एकदा काढून कॅशमध्ये ठेवली जाते. कोणाच्या शेलमध्ये त्या दिवशी कुठलं व्हेरिएबल होतं यावर ती बदलायला लागली तर कॅशला काही अर्थच उरणार नाही. म्हणून ओव्हरराइड बांधणीपुरतं काम करतं, माहितीला हात लावत नाही. इक्लास, म्हणजे इबिल्डांचा सामाईक कोड, त्याच्या टिपणातही तसंच लिहिलंय : अवलंबित्वं तुमची तुम्ही पुरी करा. म्हणजे ही लायब्ररी ज्या इतर लायब्रऱ्यांवर उभी आहे त्या ३.१३ साठी आहेत की नाहीत हेही कुणी तपासलेलं नाही. तुमचं इंपोर्ट झालं, कारण त्या आधीपासून होत्या. नशीब म्हणा.

आणि हे टिकणारही नाही. लायब्ररीची पुढची आवृत्ती आली, नेहमीच्या अपडेटमध्ये ती व्हेरिएबलशिवाय बांधली गेली, की ३.१३ च्या फायली मुकाट्यानं गायब. चूक म्हणून काहीही छापून येणार नाही, कारण पोर्टेजच्या लेखी त्या कधी नव्हत्याच. यावर उपाय म्हणून ते व्हेरिएबल मेक.कॉन्फ या पोर्टेजच्या सेटिंगच्या फायलीत लिहून ठेवू नका. मग ते एका लायब्ररीपुरतं न राहता पायथनच्या प्रत्येक पॅकेजला लागेल. ज्या पॅकेजांना एकच पायथन चालतो ती तर त्यात दोन नावं दिसताच थांबतील.

तर करायचं काय? आधी मोडलेलं जोडा : व्हेरिएबल न लावता लायब्ररी पुन्हा इमर्ज करा, ३.१२ परत येईल. मग पाहा की टिल्डेवाल्या, म्हणजे चाचणीतल्या, नव्या आवृत्तीत ३.१३ आधीच आलंय का. निम्म्याहून अधिक पत्रं इथंच निकालात निघतात असा माझा अनुभव आहे. नसेल तर इबिल्डचा गिट इतिहास आणि बगझिला ही जेंटूची बग-नोंदवही चाळा. यादीत ३.१३ नसण्याची कारणं दोन असू शकतात. अजून कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि मोडलं. दुसरं असेल तर तिथं बग नोंदलेला सापडेल आणि तुमची एक संध्याकाळ वाचेल.

पहिलं असेल तर ओव्हरराइडचं खरं काम सुरू होतं. त्यात दोन्ही नावं द्या, 'पायथन३_१२ पायथन३_१३' अशी, मध्ये जागा सोडून. टिंब नाही, अंडरस्कोर. इमर्जला -१ द्या म्हणजे ते वर्ल्ड यादीत, तुम्ही मुद्दाम मागितलेल्या पॅकेजांच्या यादीत, जाणार नाही. फीचर्स या व्हेरिएबलमध्ये टेस्ट चालू करा. टेस्ट हिरव्या आल्या की ओव्हरराइडला निरोप द्या आणि इसिलेक्ट रिपॉझिटरी क्रिएट वापरून स्वतःची छोटी रिपॉझिटरी उघडा. त्यात इबिल्डची प्रत ठेवा, कॉम्पॅटच्या ओळीत ३.१३ वाढवा, मॅनिफेस्ट, म्हणजे फायलींच्या चेकसमची यादी, करा आणि साध्या पद्धतीनं इमर्ज करा. आता फ्लॅग आहे, उणे चिन्हाची अडचण संपली, तिच्यावर अवलंबून असलेलं पॅकेज आपोआप बांधलं जाईल. इबिल्डमध्ये पॅचेस किंवा फाइल्स फोल्डरमधलं काही वापरलं असेल तर ते फोल्डरही सोबत न्या, नाहीतर पहिल्याच पायरीला थांबाल. शेवटी बगझिलावर टेस्टचा निकाल जोडून कळवा. तो बदल जेंटूच्या मुख्य रिपॉझिटरीत गेला की तुमची प्रत पुसून टाका. ही शेवटची पायरी सगळे विसरतात. वर्षभरानं लायब्ररी पुढं गेलेली असते आणि घरची जुनी प्रत वाटेत उभी असते.

प्रश्न : तुम्ही टेस्टचा एवढा आग्रह का धरता? पॅकेज बांधलं गेलं, म्हणजे त्या आवृत्तीवर चाललं, असं नाही का?

उत्तर : सी किंवा सी++ असेल तर थोडंफार तसं म्हणता येईल. शुद्ध पायथनच्या पॅकेजमध्ये 'बांधणी' म्हणजे फायली एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरात नेणं आणि बाइटकोड करणं. त्यात व्याकरणाच्या चुका सापडतील, बाकी काही नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घ्या. पायथन ३.१३ मध्ये पेप ५९४ या पायथनमधल्या बदलाच्या प्रस्तावाप्रमाणे प्रमाण लायब्ररीतली एकोणीस जुनी मॉड्यूलं काढली गेली : सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट वगैरे. समजा एका वेब-लायब्ररीत फाइल अपलोड हाताळणारं फंक्शन आहे आणि 'इंपोर्ट सीजीआय' ही ओळ फायलीच्या माथ्यावर नसून त्या फंक्शनच्या पोटात आहे. पॅकेज बांधलं जातं. बाइटकोड होतं. मुख्य मॉड्यूल इंपोर्टही होतं. सर्व्हर उठतो, पानं दिसतात. मग कुणीतरी पहिली फाइल चढवतो आणि मॉड्यूलनॉटफाउंडएरर. अपलोडवर टेस्ट लिहिलेली असेल तरच हे तुम्हाला आधी दिसेल. म्हणून नव्या आवृत्तीसाठी जबरदस्ती करण्याआधी काढलेल्या मॉड्यूलांची नावं सोर्समध्ये ग्रेप करून, म्हणजे शोधून, पाहा. मिनिटाचं काम आहे.

३.१२ ची गंमत आणखी वेगळी होती. डिस्टयूटिल्स हे पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल त्यात काढलं, पण सेटअपटूल्स बसवलेलं असेल तर ते स्वतःजवळची प्रत पुढं करतं. त्यामुळं ज्यानं पॅकेज बांधलं त्याच्याकडे चालतं आणि ज्याच्याकडे सेटअपटूल्स नाही त्याच्याकडे पडतं. दोघं एकमेकांना 'माझ्याकडे तर नीट आहे' म्हणत राहतात.

उलटही होतं, तेही ओळखायला शिका. युनिटटेस्टमधली असर्टइक्वल्स ही जुनी, शेवटी 'एस' असलेली नावं ३.१२ मध्ये गेली. ती वापरणाऱ्या टेस्ट धडाधड लाल होतात आणि लायब्ररी मात्र ठणठणीत असते. लाल रंग पाहून पळू नका, पहिल्या चुकीचा शेवटचा भाग वाचा. पॅकेज बसवताना 'इनव्हॅलिड एस्केप सीक्वेन्स' अशा सिंटॅक्सवॉर्निंगच्या ओळी आल्या म्हणून घाबरून लिहिणारेही बरेच आहेत. ३.१२ पासून तो इशारा जास्त ठळकपणे दिसू लागला, एवढंच. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या स्ट्रिंगआधी 'आर' लावायचा कुणाचा तरी राहून गेलाय. त्यानं काही मोडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळीकडे डेबियन १३ आहे, म्हणजे पायथन ३.१३. एका कामासाठी ३.१४ लागतो, तो आम्ही शेजारी बसवला आहे. सी-एक्स्टेंशन असलेली आमची एक लायब्ररी एकाच डेब फायलीत, म्हणजे डेबियनच्या एकाच पॅकेजात, दोन्ही पायथनसाठी हवी आहे. पायबिल्ड हे बांधणीचं साधन मात्र फक्त ३.१३ साठी बांधतं. कंट्रोल फायलीत एक्स-पायथन३-व्हर्जन लिहून पाहिलं, फरक पडला नाही.

उत्तर : पडणार नाही. ते फील्ड चाळणी लावतं, भर घालत नाही. डिस्ट्रिब्युशनला मान्य असलेल्या आवृत्त्यांतून तुम्हाला नको त्या गाळण्यासाठी ते आहे. मान्य आवृत्त्यांची मूळ यादी /यूएसआर/शेअर/पायथन३/डेबियन_डिफॉल्ट्स या फायलीत असते. पीवाय३व्हर्जन्स -एस ही आज्ञा दिली की ती छापून येते, आणि डेबियन १३ वर त्यात एकच नाव दिसेल. ती फाइल हातानं बदलायचा मोह होतो. बदलू नका. ती पॅकेजची आहे, पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल. तोवर त्या मशीनवरचं पायथनचं प्रत्येक पॅकेज बसताना त्या खोट्या यादीवर विसंबेल, ते वेगळंच.

सरळ मार्ग डेबपायथन३_सपोर्टेड या व्हेरिएबलचा. डेबियन/रूल्स या बांधणीच्या फायलीच्या माथ्यावर ते एक्स्पोर्ट करा आणि किंमत द्या '३.१३,३.१४'. नुसते आकडे, मध्ये स्वल्पविराम, आधी 'पायथन' हा शब्द नको. शेलमध्ये देण्यापेक्षा रूल्समध्ये लिहा असं सांगतो, कारण एसबिल्डसारखी साधनं स्वच्छ खोलीत बांधतात आणि बाहेरचं व्हेरिएबल आत पोचेलच असं नाही. शिवाय सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ३.१४ कुठून आलं, तर उत्तर सोर्समध्येच सापडेल. जोडीचं डेबपायथन३_डिफॉल्ट हे व्हेरिएबलही आहे. त्याला हात लावायची तुम्हाला गरज नाही.

आता पुढचे खड्डे. पायथन३-ऑल-डेव्ह हे पॅकेज डेबियनला मान्य असलेल्याच आवृत्त्या ओढून आणतं. म्हणून बिल्ड-डिपेंड्समध्ये पायथन३.१४-डेव्ह वेगळं लिहावं लागेल. आणि तो ३.१४ तुम्ही कसा बसवलात हे पत्रात नाही, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. मूळ सोर्स उतरवून मेक इन्स्टॉल केला असेल तर तो स्वतःच्या साइट-पॅकेजेसमध्ये बघतो. डेबियनची पॅकेजं जिथं जातात त्या /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेसकडे तो ढुंकूनही पाहणार नाही. डिस्ट-पॅकेजेस ही डेबियननं पायथनला पॅच लावून केलेली व्यवस्था आहे. तेव्हा डेबियनचंच पायथन३.१४ चं सोर्स पॅकेज घेऊन ते १३ वर बांधा.

एवढं झालं की पायबिल्ड .पायबिल्ड फोल्डरात दोन वेगवेगळे बिल्ड करेल आणि दोन्हींचं फळ एकाच डिस्ट-पॅकेजेसमध्ये ठेवेल. ते एकमेकांवर पडत नाहीत, कारण एक्स्टेंशनच्या .एसओ फायलीच्या नावातच आवृत्ती असते. एकीत 'सीपायथन-३१३', दुसरीत 'सीपायथन-३१४'. पेप ३१४९ ची ही देणगी पायथन ३.२ पासून आहे, आणि डेबियनची सगळी 'एक पॅकेज, अनेक पायथन' ही रचना तिच्यावर उभी आहे. डेब तयार झाल्यावर डीपीकेजी -सी लावून ही दोन नावं डोळ्यांनी पाहा. एकच दिसलं तर व्हेरिएबल पोचलेलं नाही.

खरा त्रास टेस्टमध्ये होईल. पायबिल्ड दोन्ही आवृत्त्यांवर टेस्ट चालवतं. टेस्टना लागणाऱ्या लायब्रऱ्या शुद्ध पायथनच्या असतील तर ३.१४ लाही त्या दिसतील, डिस्ट-पॅकेजेस सामाईक असल्यामुळं. पण त्यात नमपाय ही सी-एक्स्टेंशन असलेली आकडेमोडीची लायब्ररी आली की संपलं. डेबियन १३ मधल्या नमपायच्या .एसओ फायली फक्त ३१३ च्या आहेत, ३.१४ मध्ये तिचं इंपोर्ट पडणारच. तेव्हा एक तर नमपायही अशीच दोन आवृत्त्यांसाठी बांधा, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची. नाहीतर पायबिल्ड_डिसेबल या व्हेरिएबलला 'टेस्ट/पायथन३.१४' देऊन त्या आवृत्तीच्या टेस्ट बंद करा. दुसरा मार्ग एका ओळीचा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. मी तो घेणार नाही. जिच्यावर कुणाचाच भरवसा नाही त्या आवृत्तीची टेस्ट बंद करून बाकीच्यांची चालू ठेवायची, याला काय म्हणावं? लायब्रऱ्यांची ती साखळी दोन-तीन कड्यांहून लांब निघाली, तर डेबचा नाद सोडून ३.१४ साठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे लायब्रऱ्यांचं वेगळं फोल्डर, करा. मला विचाराल तर तुमच्या बाबतीत बहुधा तेच योग्य ठरेल.

अवलंबित्वाची ओळही नजरेखालून घाला. डीएच_पायथन३ हे पॅकेजिंगचं साधन .एसओ फायली पाहून 'पायथन३, किमान ३.१३, पण ३.१५ च्या खाली' असं लिहील. त्यात पायथन३.१४ हे पॅकेज मशीनवर हवंच असं कुठं म्हटलेलं नाही. तुम्हाला तसं हवं असेल तर ते कंट्रोलमध्ये हातानं घाला.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून पायथन३ ही आज्ञाच नव्या आवृत्तीकडे वळवली. आता अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी चालवलं की 'नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी' येतं. ते मॉड्यूल पुन्हा बसवलं, तरी तेच.

उत्तर : कितीही वेळा बसवा, तेच येईल. एपीटी_पीकेजी ही सी++ मधली एक्स्टेंशन आहे आणि तिच्या .एसओ फायलीच्या नावात तुमच्या डिस्ट्रिब्युशनची मूळ आवृत्ती कोरलेली आहे. वरच्या उत्तरातला तोच प्रकार, फक्त उलट्या बाजूनं. नवा पायथन त्या फायलीला ओळखतच नाही. डेबियन आणि उबुंटूत /यूएसआर/बिन/पायथन३ हा दुवा सिस्टिमच्या साधनांसाठी आहे, अल्टरनेटिव्ह्जच्या ताब्यात द्यायचा नाही. अपडेट-अल्टरनेटिव्ह्जला --रिमूव्ह-ऑल पायथन३ सांगा. त्यानं दुवाच नाहीसा होईल, तेव्हा लगेच त्याच टर्मिनलवर एलएन -एस देऊन तो मूळ आवृत्तीकडे परत जोडा. नव्या पायथनला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारा, पायथन३.१४ अशी.

प्रश्न : रस्टमध्ये लिहिलेली एक पायथन लायब्ररी आहे. जेंटूवर ओव्हरराइड लावून ३.१३ साठी बांधायला घेतली तर ती म्हणते, इंटरप्रिटरची आवृत्ती ३.१३ ही पायओ३ च्या कमाल आवृत्तीपेक्षा नवी आहे. ओव्हरराइड चाललं नाही का?

उत्तर : चाललं, म्हणून तर तिथवर पोचलात. ही दुसरी यादी आहे, पॅकेजच्या पोटातली. पायओ३ हा रस्ट आणि पायथन यांच्यातला पूल आणि त्याची प्रत्येक आवृत्ती आपल्याला कुठपर्यंतचा पायथन कळतो हे स्वतः जाणून असते. ३.१३ त्याला ०.२२ पासून कळू लागला. डिस्ट्रिब्युशनची यादी ओलांडली तरी ही आड येणारच, आणि इथं आड येणं योग्यच आहे. पायथनच्या आतल्या रचना आवृत्तीगणिक बदलतात. त्या न जाणता बांधलेली एक्स्टेंशन नुसती चूक दाखवून थांबत नाही, कधी कधी अख्खी प्रोसेस घेऊन कोसळते.

त्याच संदेशात खाली मदतीची ओळ असते : पायओ३_यूज_एबीआय३_फॉरवर्ड_कॉम्पॅटिबिलिटी याला १ द्या. हा आंधळा दट्ट्या नव्हे. तो दिला की पायओ३ स्थिर एबीआय वापरून बांधतं. पेप ३८४ मध्ये ठरवलेला पायथनच्या अंतरंगाचा हा मर्यादित भाग पुढच्या ३.क्ष आवृत्त्यांतही टिकवण्याचं वचन दिलेलं आहे. लायब्ररीनं त्या मर्यादेबाहेरचं काही वापरलं असेल तर ती कंपाइलच होणार नाही. ते बरं, निदान तिथल्या तिथं कळतं. झाली, तर टेस्ट चालवा आणि वापरा. पहिल्या प्रश्नातल्या ओव्हरराइडपेक्षा या दट्ट्यावर माझा जास्त विश्वास आहे, कारण त्यामागं कुणीतरी दिलेलं वचन आहे.

कार्गो.टॉमल या रस्टच्या अवलंबित्वांच्या फायलीत पायओ३ चा आकडा वाढवून पाहू का, असं पुढचं पत्र येण्याआधीच सांगतो : पाहा, पण ०.२१ मध्ये त्याच्या एपीआयची घडी बरीच बदलली. जुना कोड त्याच्यापुढं नेणं हे लायब्ररीच्या मूळ लेखकांचं काम, पॅकेज बांधणाऱ्याचं नव्हे. त्यांना कळवा.

प्रश्न : पायप्रोजेक्ट.टॉमल या लायब्ररीच्या माहितीच्या फायलीत 'रिक्वायर्स-पायथन, ३.१३ च्या खाली' असं लिहिलंय. डिस्ट्रिब्युशनचं पॅकेज तरीही ३.१३ साठी बांधलं गेलं. हे कसं?

उत्तर : ती ओळ पिप हे पायथनची पॅकेजं बसवायचं साधन वाचतं, बसवताना. जेंटू आणि डेबियनची बांधणीची साधनं तिच्यापायी सहसा अडत नाहीत. काही लेखक खबरदारी म्हणून वरची मर्यादा घालतात, काहींना खरंच काहीतरी मोडलेलं दिसलेलं असतं. ओळीवरून ते कळत नाही. लेखकाच्या इश्यू-यादीत '३.१३' शोधा, तिथं कळेल.

प्रश्न : फेडोरात ही भानगड ऐकली नाही. तिथं जादू आहे का?

उत्तर : तिथं मुख्य पायथन एकच असतो आणि त्याच्यासाठीच सगळी पॅकेजं एकदम पुन्हा बांधली जातात. फेडोरा ४१ मध्ये तो ३.१३ झाला. बाकीच्या आवृत्त्यांचे इंटरप्रिटर मिळतात, पण ते तुमच्या कोडच्या चाचणीसाठी. त्यांच्यासाठी लायब्रऱ्यांची पॅकेजं नसतात, ती तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आणायची. आर्चचंही साधारण तसंच, एकच पायथन. यादीच नाही म्हटल्यावर ती ओलांडायचा प्रश्न येत नाही. जे पॅकेज नव्या आवृत्तीवर चालत नाही ते तोवर मोडलेलं राहतं किंवा बाहेर काढलं जातं. कोणती पद्धत बरी, यावर वाद घालायला या सदरात जागा नाही.

प्रश्न : जेंटूत लुआ या भाषेसाठीही पायथनसारखंच ओव्हरराइड आहे असं दिसतं. ५.१ च्या लायब्ररीवर ५.४ ची जबरदस्ती करून पाहू का?

उत्तर : लुआ_कॉम्पॅट_ओव्हरराइड आहे खरं, पायथनच्याच धर्तीवर बेतलेलं, आणि त्याच्या मर्यादाही त्याच. फक्त नावात टिंब किंवा अंडरस्कोर नसून आडवी रेघ असते, 'लुआ५-४' अशी. पण पायथन ३.१२ वरून ३.१३ आणि लुआ ५.१ वरून ५.४, ही अंतरं सारखी समजू नका. ५.२ मध्ये सेटएफएन्व्ह हे फंक्शन गेलं, अनपॅक हे टेबलच्या आत गेलं. ५.३ मध्ये पूर्णांक हा वेगळा प्रकार आला आणि दहाला दोननं भागल्याचं छापील उत्तर ५ च्या जागी ५.० दिसू लागलं. ५.१ साठी लिहिलेला आणि पुढं कुणी हात न लावलेला कोड ५.४ वर चालला तर तो अपवाद. तुमच्या यादीत लुआजिट हा लुआचा दुसरा इंटरप्रिटर असेल तर तो आधी करून पाहा. तो ५.१ शी सुसंगत आहे, तिथं ओव्हरराइड लावून टेस्ट हिरव्या येण्याची शक्यता खूपच जास्त. ५.४ साठी मात्र सोर्समध्ये सेटएफएन्व्ह ग्रेप करा, आणि सापडलं तर इमर्जपर्यंत जाऊच नका.